अमांचे दहा किलो

आमच्या घरात सकाळ उजाडायची ती घोटणीच्या आवाजानं. पालक, आंबट चुका, शेपू, थोडी मेथी, मूठभर हरभऱ्याची डाळ, एखादं वांगं, एखादा टोमॅटो, असं सगळं जाड बुडाच्या पातेल्यात शिजवायचं आणि मग लाकडी घोटणी घेऊन अमां पाटावर बसायची. धब धब धब धब. मी बाहेरच्या खोलीत अभ्यास करत असले तरी आवाजावरनं मला कळायचं, आता नुसती पानं आहेत, आता डाळ मोडली, आता सगळं एकजीव झालं, आता लसूण पडणार. आणि पडलाच! चर्र! तो वास आला की माझा धाकटा भाऊ राजू अंथरुणातनं थेट स्वयंपाकघरात, तोंडसुद्धा न धुता. ह्या भाजीला आम्ही साई भाजी म्हणतो. साई म्हंजे हिरवी. इतकं साधं नाव, पण माझ्या मते जगात हिच्यावर भाजी नाही, आणि हे मी आज बेचाळीस वर्षांची होऊन, चार गावचं पाणी पिऊन सांगतेय.

आम्ही सिंधी. अमांचे वडील फाळणीत सिंधमधल्या शिकारपूरहून आले, आणि कुठंकुठं फिरत शेवटी कोल्हापूरशेजारच्या छावणीत टेकले. त्या छावणीचंच पुढं गांधीनगर झालं, घाऊक कापडाचा बाजार झाला. बाबांचं साड्यांचं दुकान त्याच बाजारात. मी मात्र मराठी शाळेत, कारण ती जवळ. मधल्या सुट्टीत डबा उघडला की पोरी गोळा व्हायच्या. "भारती, आज पाकिस्तानातनं काय आलंय गं?" मी चिडायचे. मग त्या खायच्या आणि माझ्या वाटणीला झाकण राह्यचं. कोकी असली तर काही विचारू नका. कोकी म्हंजे कांदा, मिरची, कोथिंबीर घालून केलेली जाड रोटी, दोनदा भाजलेली, तेल सोडून खरपूस. आधी पाकिस्तान म्हणून चिडवायचं आणि मग पाकिस्तानचा तुकडा न तुकडा संपवायचा, असा आमच्या वर्गाचा रिवाज होता.

अमां जाड होती. लिहिताना मला काही वाटत नाही, कारण तिलाही काही वाटायचं नाही. ती जाड होती, गोरी होती, हसली की सगळी हलायची, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की झोप लागायची. सगळं चांगलं चाललेलं. मी अकरावीला गेले त्या पावसाळ्यात ती अंघोळीनंतर साडी नेसत होती, मी काहीतरी मागायला आत गेले, आणि मला तिच्या बेंबीशेजारी लिंबाएवढी गाठ दिसली. तिनं पटकन पदर ओढला. "काही नाही, पुट. राजूच्या वेळेपासनं आहे. आडवी झाले की आत जाते." पुट म्हंजे बाळ, आमच्यात मुलीलाही पुटच म्हणतात. राजू तेव्हा अकरा वर्षांचा होता. म्हंजे अकरा वर्षं ती पोटाला ओढणी घट्ट गुंडाळून गॅसची टाकी हलवत होती.

कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी तिला झोपवलं, खोकायला लावलं, दाबून बघितलं, आणि बाबांना समोर बसवून सांगितलं, "हर्निया आहे. ऑपरेशन करायलाच पाहिजे. पण आज न्हाय करणार मी. ब्याण्णव किलोवर जाळी बसवली तर ती धरंल याची खात्री नाही, परत फुटायचं. दहा किलो उतरवा, मग या. सावकाश उतरवा, पण उतरवा."

"आणि तोवर, डॉक्टरसाहेब?"

"तोवर पट्टा बांधायचा, जड उचलायचं न्हाय. आणि ऐका, गाठ जर कधी आत जाईना, दुखायला लागली, उलट्या झाल्या, तर वाट बघत बसू नका. आतडं अडकतं. तसंच उचलून आणा."

त्या 'आतडं अडकतं'नंतर आमच्या घरातलं सगळं बदललं. मी रोज कॉलेजातनं आले की आधी दप्तर न काढता स्वयंपाकघरात डोकवायचे. अमां उभी आहे का? आहे. मग दप्तर काढायचं.

डॉक्टरांनी एका आहारवाल्या बाईंकडं पाठवलं. बाई बारीक, छान, इस्त्रीची साडी. त्यांनी विचारलं, घरी काय बनतं? अमांनी कौतुकानं सांगितलं, साई भाजी, कढी, कोकी, दाल-पकवान, बटाट्याचे तुक. पकवान म्हंजे मैद्याची कडक तळलेली पुरी, आणि तुक म्हंजे बटाटा दोनदा तळायचा, मधे दाबून चपटा करायचा. बाईंचा चेहरा प्रत्येक पदार्थाला अजून बारीक होत गेला. "ताई, हे तुमचं पाकिस्तानी जेवण आधी बंद करायचं बघा," त्या म्हणाल्या. "त्यानंच झालंय हे सगळं." आणि एक छापील कागद दिला. सकाळी दोन मारी बिस्किटं. दुपारी उकडलेली भाजी, दोन कोरड्या चपात्या. संध्याकाळी कोबीचं सूप. कागद सगळ्यांना एकच असावा, कारण वरती नाव लिहायची जागाही नव्हती.

अमांनी तो कागद देवाच्या तसबिरीखाली चिकटवला आणि मनापासून पाळायला लागली. आमच्यासाठी रोजचा स्वयंपाक तसाच, तिच्यासाठी स्टीलच्या वाटीत उकडलेला दुधी. आम्ही जेवून उठलो की ती ओट्याशी उभं राहून तो दुधी खायची. तिला चव विचारली तर म्हणायची, "चांगला आहे, ओला आहे." पण आता भाजी घोटताना ती गुणगुणायची नाही. आवाज तोच, धब धब, पण कुणीतरी पगारावर करतंय असा.

आमच्याकडं वजनकाटा नव्हता. बाबांच्या दुकानामागं ट्रान्सपोर्टचं गोडाऊन होतं, तिथं कापडाच्या गाठी वजन करायचा मोठा लोखंडी काटा होता. दर सुट्टीला, बाजार सामसूम असताना, बाबा अमांना तिथं न्यायचे. म्हादू हमाल काटा लावायचा. तो मान दुसरीकडं करायचा, काटा सरकवायचा आणि आकडा बाबांच्या कानात सांगायचा, मोठ्या इज्जतीनं, फक्त त्याचं कानात बोलणं रस्त्यापलीकडं ऐकू जायचं. ब्याण्णव. मग एक्याण्णव, आम्ही सगळे खूष. मग परत साडेएक्याण्णव. दोन महिन्यांनी ब्याण्णव.

"काटा बिघडला असंल," बाबा म्हणाले.

"काटा न्हाय बिघडत, शेट," म्हादू म्हणाला. "ह्यो गाठीला पण खरं सांगतोय आन् वैनीला पण."

आहारवाल्या बाईंनी वजनाची वही बघितली, अमांकडं बघितलं आणि हसत हसत विचारलं, "ताई, आता खरं सांगा. चोरून काय खाताय?" अमांनी आमच्या देवाची, झूलेलालची शपथ घेतली. बाई म्हणाल्या, "अहो, सगळ्याच बायका शपथ घेतात." परतीच्या बसमध्ये अमां खिडकीशी बसली. उचगाव आलं. मग म्हणाली, "पुट, तुला पण वाटतं का मी चोरून खाते?" मी म्हटलं, नाही अमां, अजिबात नाही. आणि मनात म्हटलं, थांबा बाई, तुम्हाला दाखवते. मी सोळा वर्षांची होते, सायन्सला होते, आणि मला वाटायचं जगातलं कुठलंही गणित वहीत मांडलं की सुटतं.

दिवाळीची सुट्टी लागली. मी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची वही उलटी धरली, मागच्या पानावर 'निरीक्षण' लिहून खाली रेघ मारली आणि स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलायच्या निमित्तानं ठाण मांडलं. चार दिवस. आणि जे मी जन्मापासून रोज बघत होते ते पहिल्यांदा दिसलं. बाबा गेले, अमांनी त्यांचं ताट उचललं, त्यात अर्धी कोकी. ताट मोरीत ठेवेपर्यंत कोकी तोंडात. राजूनं फुलक्याच्या कडा सोडल्या, गेल्या. कढईच्या बुडाला कांद्याचा तेलकट मसाला चिकटलेला, तो फुलक्याच्या तुकड्यानं निपटून पुसला, गेला. अकराच्या सुमाराला तिनं कालचे उरलेले चार फुलके काढले, तुकडे केले, तेलात लसूण-टोमॅटो परतून त्यात शिजवले. ह्याला सेयल मानी म्हणतात, शिळ्या पोळ्यांचा आमचा राजेशाही पदार्थ. आम्हाला विचारलं, खाता का? आम्ही नको म्हटलं. मग तिनं उभ्या उभ्या सगळं संपवलं, पातेलं धुतलं, आणि दुपारी आपला वाटीभर दुधी घेऊन बसली.

"अमां, मघाशी काय खाल्लंस?"

"कधी? काही नाही. सकाळी दोन बिस्किटं."

आणि ती खोटं बोलत नव्हती हो! हेच तर मला सांगायचंय. तिच्या हिशोबी ते खाणं नव्हतंच. ते आवरणं होतं. ती छावणीच्या बराकीत वाढली, सात भावंडं, एका रोटीचे चौघांत तुकडे. भाकरीचा तुकडा टाकणं तिला जमायचंच नाही, जसं कुणाला रस्त्यात थुंकणं जमत नाही. आमच्या आळीतली प्रत्येक बाई असंच करायची, आणि प्रत्येक बाई म्हणायची, मी काही खात नाही तरी वजन वाढतं. तो छापील कागद करणाऱ्याला हे कुठनं माहीत असणार?

मी तर हवेत. कोडं सुटलं! आणि मग मी जो गाढवपणा केला तो आठवला की अजून कानशिलं गरम होतात. सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसलेले, अमां वाढत होती, आणि मी वही उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "सकाळी साडेसात, बाबांनी सोडलेली अर्धी कोकी. आठ वाजता, राजूनं सोडलेल्या कडा, दुधाच्या भांड्याची साय. साडेअकरा, शिळे फुलके चार, तेल अंदाजे तीन मोठे चमचे. अडीच, कढईतला मसाला. बटाट्याचे तुक, थंड, दोन. चार वाजता, पाहुण्यांनी सोडलेला पापड." मी आवाज चढवत चढवत वाचत होते, वक्तृत्व स्पर्धेत वाचतात तसं. राजू हसायला लागला. मला वाटलं आता सगळे टाळ्या वाजवणार.

अमांनी डाव खाली ठेवला. "सगळं लिहिलंस?"

"हो, चारही दिवसांचं!"

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि मागच्या अंगणात निघून गेली. दुधी तसाच. त्या दिवशी तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. बसमध्ये जिला मी नाही म्हटलं होतं, तिलाच मी घरात, नवऱ्यासमोर आणि लेकासमोर चोर ठरवलं होतं, वेळेसकट.

बाबांनी हात धुतले, चष्मा लावला, वही घेतली आणि परत पहिल्यापासून वाचली, हळू, बिलाची यादी तपासावी तशी. बाबा घरात सिंधीच बोलायचे, पण गिऱ्हाइकांच्यात आयुष्य काढल्यानं गंभीर झाले की कोल्हापुरीत उतरायचे. "बाबांनी सोडलेली," त्यांनी बोट ठेवलं. "राजूनं सोडलेल्या. पाहुण्यांनी सोडलेला. भारती, ह्यात तुझ्या आईनं सोताला वाढून घेतलेली एक तरी वस्तू मला दाव."

मी शोधलं. चार दिवसांत एकच सापडली. दुधी.

"मग ही यादी तिची न्हाय," ते म्हणाले. "आपली हाय."

ते उठून अंगणात गेले. दाराच्या फटीतनं ऐकू येत होतं, आणि ऐकायचं नसतं हे माहीत असून मी ऐकलं. "उद्यापासनं मला किती फुलके लागतात ते मी आधी सांगणार. सांगितले तेवढे खाणार." अमां काहीतरी म्हणाली. "नाही उरणार," बाबा म्हणाले. ती परत काहीतरी म्हणाली. "उरलंच तर मी खाईन." मग अमांचा आवाज स्पष्ट आला, "आधी स्वतःचं पोट बघा!" आणि त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदा तिचं हसू. मी आत गेले, तिच्या पायाशी बसले, माफी मागितली. तिनं डोक्यावर टपली मारली. म्हणाली, "अक्षर चांगलं आहे तुझं."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात नवा कायदा. कणीक मळायच्या आधी अमां विचारणार, "किती?" आणि प्रत्येकानं आकडा सांगायचा. राजू जोशात पाच म्हणायचा आणि चौथ्याला रडकुंडीला यायचा, पण बाबा त्याच्याकडं असं बघायचे की पाचवा जायचाच. आठवड्यात तो तीनवर आला. ताटात जे घेतलं ते घेणाऱ्यानं संपवायचं. आणि अमांनी आमच्याबरोबर बसायचं. हे सगळ्यात अवघड. पहिले काही दिवस ती ताटासमोर अशी बसायची जशी परक्या लग्नात बसलीय. मीठ आणायला उठ, पाणी आणायला उठ, उगाच उठ. शेवटी राजू तिच्या पदरावर बसायला लागला.

दुधी गेला, बिस्किटं गेली, कागद तसबिरीखालनं निघाला. पण मग खायचं काय? तिथं अमांनी जे केलं त्याचा मला अजून अभिमान वाटतो, कारण ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी फक्त तेलाच्या डब्यात एक छोटा चमचा टाकून ठेवला आणि म्हटलं, डबा तिरका करायचा नाही, एवढंच. बाकी सगळं तिनं आपल्या जिभेनं शोधलं. कांदा तेलात पोहायला न सोडता झाकण ठेवून, पाण्याचा शिपका मारत तांबूस करायचा. कढीचं बेसन कोरडंच भाजायचं, वास सुटेपर्यंत, मग चमचाभर तेल. तुक तव्यावर दाबून, उलटून पालटून. आणि फुलक्याऐवजी डोडो! डोडो म्हंजे ज्वारीची जाड रोटी, आत हिरवा लसूण, कोथिंबीर, मिरची. तिची आई बराकीत करायची. गहू परवडायला लागला तसं आम्ही तो विसरलो होतो, गरिबीचं खाणं म्हणून. अमांनी तो परत आणला. वाटीभर साई भाजी, एक डोडो, भाजलेला पापड, ताकाचा पेला. एवढ्यात पोट भरतं की नाही ते करून बघा आणि मग मला सांगा.

फक्त तिचे डोडे फाटायचे. थापायची सवय गेलेली. त्यासाठी आल्या कमळामावशी. वळिवड्याच्या, शेतकरी घरातल्या, आमच्याकडं दूध घालायच्या, आणि बोलायला लागल्या की दुधावर साय धरायची. त्या एकदा दारात उभ्या राहून बघत होत्या. "व्हय ओ वैनी, ही काय भाकरी म्हणायची का नकाशा? सरका तिकडं." आणि चटचट थापून दाखवली. "पाणी गरम पायजे की. गार पाण्यात मळलं तर ती रुसणारच." मग त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं, ही कसली भाजी? मी म्हटलं, "आहारवाल्या बाई म्हणतात पाकिस्तानी."

"कोण म्हंतंय?" कमळामावशींनी कमरेवर हात ठेवले. "शेपू माझ्या वाफ्यातला, चुका माझ्या बांधावरचा, आन् भाजी पाकिस्तानची? सांग त्या बाईला, कमळा म्हंती, येऊन सातबारा बघ म्हणावं!"

तेव्हापासनं त्या रोज सकाळी अमांना घेऊन जायच्या. "चला वैनी, मी येतो बरोबर," असं म्हणायच्या, कोल्हापूरकडं बायकाही 'येतो'च म्हणतात. पट्टा बांधून, रमतगमत, वळिवड्याच्या त्यांच्या रानापर्यंत आणि परत. जाताना रिकामी पिशवी, येताना पालेभाजी. अमांनी गांधीनगरात जन्म काढला आणि गावाबाहेरची वाट पहिल्यांदा बघितली. परत आली की सांगायची, आज करडई फुलली, आज उसाला पाणी होतं. तिचा चेहरा उन्हानं तांबूस व्हायला लागला.

आणि काटा हलला. सावकाश, पण एकाच बाजूला. नव्वद. एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. दाल-पकवान बंद नव्हतं, महिन्यातनं एका सकाळी व्हायचंच, पण अमांसाठी एक पकवान, गरम, कुरकुरीत, सगळ्यांबरोबर बसून. पूर्वी ती पाच मऊ पडलेली खायची आणि तिला एकाचीही चव आठवायची नाही.

मधे एक दुपार मात्र वाईट आली. मी कॉलेजातनं आले, अमां उभी नव्हती. खाली फरशीवर, गुडघे पोटाशी, घाम. गाठ कडक झालेली. मी राजूला दुकानात पळवलं. बाबा रिक्षा घेऊन येईपर्यंत मी तिचा हात धरून बसले होते आणि ती मला म्हणत होती, "गॅस बंद कर, कढी लागेल." डॉक्टरांनी तिला झोपवून हळूहळू दाबत गाठ आत घातली. म्हणाले, नशीब. किती किलो उरलेत? सहा. घरी आल्यावर अमां म्हणाली, "आता मी जेवतच नाही. पंधरा दिवसांत उतरवते सगळं." आणि खरंच ताट सरकवलं. मला सगळ्यात जास्त भीती तेव्हा वाटली, त्या फरशीपेक्षा जास्त. मी डॉक्टरांना दुकानाच्या फोनवरनं विचारलं. ते ओरडले. "उपाशी ठेवू नका तिला! अंगात ताकद नसंल तर टाके कसे भरतील? खाऊ दे. आहे तेच चालू दे." मी आले आणि तिच्यासमोर ताट ठेवलं. साई भाजी, डोडो, ताक. म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, हे औषध आहे, संपव. तिनं ताट जवळ ओढलं. मग खाल्लं. घाई करायची नाही, हे तिच्यापेक्षा मलाच जास्त शिकावं लागलं.

उन्हाळ्यात गोडाऊनच्या काट्यावर म्हादूनं वजन लावलं, परत लावलं, आणि ह्या वेळी कानात सांगायचं विसरून गेला. "ब्याऐंशीला पावशेर कमी, शेट! वैनी, गाठ हलकी झाली की ओ!" पलीकडच्या गाळ्यातला दुकानदार बाहेर आला. अमां काट्यावरनं उतरली नाही. तिथंच उभी राहून म्हणाली, "म्हादू, परत बघ." तिला ते परत एकदा ऐकायचं होतं.

ऑपरेशनची तारीख घ्यायला गेलो तेव्हा आहारवाल्या बाई तिथंच होत्या. त्यांनी वजनाची वही बघितली, तोंडभर कौतुक केलं, आणि मनाच्या मोठ्या हो, विचारलं, "ताई, मला सांगा तरी, काय खाल्लंत?"

अमांनी पदर सारखा केला. तिचं मराठी तोडकंमोडकं, पण त्या दिवशी एक शब्द अडखळला नाही. "तेच, बाई."

"तेच म्हणजे?"

"पाकिस्तानी."

बाई इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकवायला लागले. मग त्यांनी कोरा कागद घेतला, वर अमांचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "सांगा. पहिल्यापासनं. मी लिहून घेते." अमां अर्धा तास सांगत होती. डाळ किती, चुका किती, घोटणी कुठली, झाकण कधी ठेवायचं. मी शेजारी बसून होते. मी कुठं पास झाले, कुठं नोकरीला लागले, काय काय बक्षिसं मिळाली, त्यातल्या कुठल्याच दिवशी माझी छाती त्या अर्ध्या तासाइतकी फुगली नाही.

ऑपरेशन नीट झालं. जाळी बसली, धरली, आज पंचवीस वर्षं झाली, धरूनच आहे. अमां घरी आली त्या आठवड्यात स्वयंपाक माझ्याकडं आणि बाबांकडं. बाबा भाजी घोटायचे, दुकानाचा हिशोब करतात तसे, मोजून. डोडे माझ्याकडं. मी गरम पाण्यात पीठ मळलं, थापला, तव्यावर टाकला, आणि राजूशी काहीतरी भांडत राहिले. ताट नेऊन अमांच्या पलंगापाशी ठेवलं. तिनं डोडो उचलला, उलटा केला. खालची बाजू काळीकुट्ट.

मला वाटलं, आता ती खाणार. काहीच न बोलता, काळं खरवडून, नेहमीसारखी.

तिनं डोडो ताटाच्या कडेला सारला आणि ताट माझ्याकडं ढकललं.

"हा करपलाय, पुट," ती म्हणाली. "मला दुसरा कर. गरम."

मी पळतच गेले.